खांदा कुणाचा?

माझा उजवा खांदा निखळला. मग तो बसवला. मग सात महिन्यांनी मी परत कुस्ती धरली. गोष्ट एवढीच आहे. पण या एवढ्याशा गोष्टीत मला चार जणांनी चार सल्ले दिले, आणि चौघांपैकी एकानंही खांदा माझा आहे हे धरलं नाही. म्हणून लिहायला बसलो. मला तत्त्वज्ञान येत नाही. शाळा मध्येच सुटली, पुढचं जे काय वाचलं ते रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत. पण ज्याचं हाड निखळतं त्याला विचार करावाच लागतो. रात्री कूस बदलता येत नाही, मग दुसरं करणार काय?

आधी निखळला कसा ते सांगतो. सुरतेकडच्या एका कापडाच्या कारखान्यात मी कामाला. आमच्या चिंचपाड्याहून ताप्ती लाइनची गाडी धरायची, नवापूर गेलं की गुजरात. आमच्या भागातली निम्मी जवान पोरं याच गाडीनं जातात, कुणी साच्यावर, कुणी उसाच्या फडात. त्या दिवशी सुतानं भरलेला बीम दोघं मिळून साच्यावर चढवत होतो. खाली फरशीवर तेल सांडलेलं. जोडीदाराचा पाय सरकला आणि सगळा भार माझ्या उजव्या हातावर आला. आतून कट् असा आवाज झाला. हात होता तिथंच होता, पण तो माझा राहिला नव्हता.

डॉक्टरनं बसवला. संध्याकाळी मास्तर आला, कागद घेऊन. म्हणाला, लिही, गावी कुस्ती खेळताना निखळला. मी कुस्ती खेळतो हे त्याला माहीत होतं. चार पैसे हातावर ठेवले, नोकरी राहील म्हणाला. मी डाव्या हातानं लिहिलं आणि डाव्या हातानं सही केली. अक्षर लहान पोरासारखं आलं. खोटं लिहिलं म्हणून की डाव्या हातानं लिहिलं म्हणून, कोण जाणे.

हा पहिला सल्ला. खांदा कारखान्यात गेला तरी कारखान्याचा नाही. मोडेपर्यंत मालकाचा, मोडला की कुस्तीचा.

खांद्याची रचना मी नंतर समजून घेतली. दंडाच्या हाडाचा वरचा गोळा मोठा, आणि तो ज्या वाटीत बसतो ती उथळ. पळीवर लाडू ठेवावा तसा. खुब्याचा सांधा खोल असतो म्हणून तो सहजी निखळत नाही. खांदा उथळ, म्हणूनच हात चहूकडे फिरतो. मुद्गल फिरवता येतो, पोराला डोक्यावर घेता येतं, दगड मारता येतो. म्हणजे जी मोकळीक आहे तीच कमजोरी आहे. तो गोळा जागेवर धरून ठेवतात भोवतीचे स्नायू आणि वाटीच्या कडेची चिवट किनार. एकदा किनार फाटली की वाट पडते. तरुणपणी पहिल्यांदा निखळला तर पुन्हा निखळण्याची भीती म्हाताऱ्यापेक्षा जास्त. डॉक्टरनं हे नीट सांगितलं, वर म्हणाला, कुस्ती कशाला करतोस, पोटापाण्याचं बघ. हा दुसरा सल्ला. चांगल्या मनानं दिलेला. पण पोटापाण्यासाठी बीम उचलू नको असं काही तो म्हणाला नाही.

आता कायद्याचं ऐका. १९२३ सालचा कामगार नुकसानभरपाईचा कायदा होता. त्याला जोडलेल्या परिशिष्टात माणसाच्या एकेका अवयवाची टक्केवारी छापली होती. खांद्याच्या सांध्यातून हात गेला तर कमाईची ताकद ९० टक्के गेली असं धरायचं. अंगठा गेला तर ३० टक्के. मी हे वाचलं आणि मला एकलव्य आठवला. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात भिल्लांच्या वस्त्या चोहीकडे, एकलव्याचं नाव इथं परकं नाही. ३० टक्के. त्याला तेही कुणी दिले नाहीत.

पण एकलव्याची आणखी एक गोष्ट आहे, ती आपण सांगतच नाही. आपण सगळे अंगठ्यापाशी थांबतो. कवी थांबतात, भाषणवाले थांबतात, मीही दोन कवितांत तिथंच थांबलोय. महाभारतात मात्र त्याच्या पुढं लिहिलंय की अंगठा दिल्यावरही त्यानं उरलेल्या बोटांनी दोरी ओढली. पहिल्यासारखा वेग राहिला नाही, एवढंच. म्हणजे तो परत आला होता! अंगठा कापून घेणाऱ्यांनाच हे लिहून ठेवावं लागलं. आणि आम्ही मात्र त्याला कापलेल्या अंगठ्यासकट तिथंच बसवून ठेवला, रडायला सोयीचा म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी तो धनुष्य घेऊन कसा उभा राहिला असेल, पहिला बाण कुठं गेला असेल, हे मला विचारावंसं वाटतं. माझ्या कामाचा प्रश्न तो आहे.

तिसरा सल्ला मायनं दिला. माय आमची अहिराणीत बोलते. म्हणाली, "खांदा गया ते भाकर गयी, भो. आते कुस्ती बंद." आणि तिनं माझा लंगोट धुऊन, घडी करून पेटीच्या तळाशी ठेवून दिला. फाडला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं.

मायला उत्तर देणं सोपं नाही. मी पहिल्यांदा मनातल्या मनात फार शहाणपणाचं उत्तर तयार केलं होतं. ते असं की, मालकासाठी खांदा रोज धोक्यात घातला तर ते कर्तव्य, आणि रविवारी स्वतःच्या आनंदासाठी घातला तर तो माज. कापसाची गाठ १७० किलोची असते. ती ढकलताना कुणी म्हणत नाही, बाबा रे, खांदा सांभाळ. आमच्या बापजाद्यांच्या खांद्यावर गावानं मेलेली ढोरं दिली, सरकारी माणसांची बोचकी दिली, वेठबिगार दिली, तेव्हा कुणी वैद्य आडवा आला नाही. आमचं अंग दुसऱ्याच्या कामी झिजलं तर चालतं, आमच्या कामी झिजलं तर पाप. उत्तर जोरदार आहे. सभेत टाळ्या पडतील.

पण माय काही सभा नाही. ती मालकाच्या बाजूनं बोलत नव्हती. घरात चार तोंडं, कमावणारा मी. माझा खांदा गेला तर चुलीपुढं बसून उत्तर तिला द्यायचंय. मालकानं माझं अंग ओरबाडलं म्हणून मला मायच्या तोंडचा घास पणाला लावायचा हक्क मिळतो काय? नाही मिळत. एकानं अन्याय केला त्याची वसुली दुसऱ्याकडून करायची नसते. सात महिने हा काटा माझ्या मनात राहिला. अजून पुरता निघालेला नाही.

चौथा सल्ला चळवळीतल्या एका मोठ्या भावाचा. तो म्हणाला, कुस्ती ही पाटलांची करमणूक. जत्रेत फेटेवाले खुर्चीवर बसणार, आपली पोरं मातीत लोळणार, वरून पाचशे-एक रुपये फेकणार. बाबासाहेबांनी पुस्तक दिलं, तू लंगोट काय घेऊन बसलास? तुझा खांदा समाजाचा आहे.

या भावाचा मी मान राखतो. पण शाहू महाराजांनी १९०२ साली पन्नास टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखल्या, १९१२ साली कोल्हापुरात खासबागचं कुस्तीचं मैदान उभं केलं, आणि १९२० साली माणगावच्या परिषदेला बाबासाहेबांच्या बरोबरीनं हजर राहिले. ही तिन्ही कामं एकाच माणसाची. त्याला तालीम आणि शाळा यांत वैर दिसलं नाही. आणि बाबासाहेबांनी ३१ मे १९३६ ला मुंबईत महार परिषदेपुढं बोलताना माणसाला लागणारी तीन बळं सांगितली, मनुष्यबळ, द्रव्यबळ आणि मानसिक बळ. मोठ्या भावाला मी विचारलं, मानसिक बळ पुस्तकातच मिळतं काय? जो मनुष्य मला विहिरीवर लांब उभा करत होता त्याच्या नातवाला हौद्यात माझ्या मानेला हात घालावा लागतो, माझी माती अंगाला लावून घ्यावी लागते, सलामीला हातात हात द्यावा लागतो. शिवल्याशिवाय कुस्ती होत नाही. गावात एवढी एकच जागा मला सापडली, तिथं न शिवता मला हरवता येत नाही.

हे मी मोठ्या तोऱ्यात बोललो. याचाच फटका मला पुढं बसला, तो सांगतो.

खांदा परत आणायचा म्हणजे काय असतं ते ज्यानं आणलाय त्यालाच ठाऊक. तीन आठवडे झोळी. मग वाकून हात नुसता लोंबकळत ठेवायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलवायचा. शंभर जोर काढणारा गडी, आणि भिंतीवर बोटांनी पायरी पायरी चढतोय! मग रबराची पट्टी खिडकीच्या गजाला बांधून ओढायची. मग भिंतीला जोर, मग बाकड्यावर हात टेकून जोर, मग जमिनीवर. ताकद हळूहळू येते. भीती जात नाही. हात डोक्याच्या वर आणि मागं गेला की सगळं अंग म्हणतं, थांब. कुणी शिवलेलं नसतं तरी अंग मागं सरतं. मला वाटतं आमच्या समाजाचंही असंच झालं होतं. हाड बसलं तरी अंगाला सवय मागं सरायची.

या दिवसांत मी दोन माणसांचा विचार करायचो. एक विनेश फोगाट. २०१६ ला रिओमध्ये चिनी मल्लाशी खेळताना गुडघा निखळला आणि तिला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. २०१८ ला जकार्ताला ती आशियाई स्पर्धेचं सोनं घेऊन आली. २०२३ ला बाईच्या अंगाची अब्रू राखा म्हणून दिल्लीच्या रस्त्यावर बसली. २०२४ ला पॅरिसमध्ये फायनलच्या सकाळी काट्यावर १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. माणूस दुखण्यातून परत येऊ शकतो, पण काटा कुणाच्या हातात आहे हा प्रश्न उरतोच.

दुसरे मुरलीकांत पेटकर. सांगलीकडच्या पेठ इस्लामपूरचे. लष्करात होते, बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या लढाईत गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं अंग गेलं. उपचार म्हणून पाण्यात उतरवलं, तर ते पोहायलाच लागले. १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गला अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर ३७.३३ सेकंदांत पोहून सोनं जिंकलं. पद्मश्री मिळाली २०१८ ला, म्हणजे ४६ वर्षांनी. पेटकर बॉक्सिंगच्या रिंगणात परत आले नाहीत. पण ते परत आले नाहीत असं कोण म्हणेल? यावरून मला एक कळलं. परत येणं म्हणजे त्याच जागेवर परत येणं असं नाही. माझा खांदा पुन्हा गेला तर मी कुस्ती सोडीन. तेव्हा तो पराभव नसेल. पण ते मी ठरवीन, मास्तरच्या कागदानं ठरवायचं नाही.

सात महिन्यांनी जवळच्या एका जत्रेत मी उतरलो. मायला सांगितलं नाही. समोरचा गडी पलीकडच्या पाड्यावरचा, आदिवासी, माझ्याच वयाचा, दिवाळीनंतर बारडोलीकडं ऊसतोडीला जाणारा. अंगानं माझ्यापेक्षा उजवा. हलगी वाजली, सलामी झाली. खडाखडी झाली. मी पहिल्याच मिनिटाला उजवा हात पुढं दिला, मुद्दाम, बघूया काय होतं म्हणून. त्यानं धरला नाही. डावीकडूनच आला. पटाला आला, पायाला आला, कमरेला आला. ढाक मारायला उजवा हात ओढावा लागतो, ढाक त्यानं मारलीच नाही. दोनदा माझा हात त्याच्या तावडीत आयता सापडला, दोनदा त्यानं सोडला. पंधरा मिनिटं झाली. पंचांनी जोड सोडवली, बरोबरी. लोकांना कळलं होतं. कुणीतरी ओरडलं, वा रे पठ्ठ्या, मोठ्या मनाचा! टाळ्या पडल्या. टाळ्या त्याला होत्या.

मी माती झटकत बाहेर आलो आणि माझ्या डोक्यात आग होती. साल्यानं माझा खांदा शिवला नाही. जिथं शिवणं सक्तीचं म्हणून मी बढाया मारत होतो त्या हौद्यात मला कुणी न शिवता सोडलं होतं. आणि सोडणारा कोण, तर माझ्यासारखाच पायदळी तुडवलेला. मला वाटलं हरलो असतो तर बरं होतं. दया केली की माणूस वर चढतो, आणि ज्याच्यावर केली तो न पडता खाली जातो.

दोन आठवड्यांनी तो मला नवापूर स्टेशनात भेटला. ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. तिथं हद्दीवर एक बाकडं आहे, एक टोक या राज्यात, दुसरं त्या राज्यात. आम्ही त्याच्यावर बसलो. मी सरळ विचारलं, तू माझा हात का नाही धरलास?

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मी मोळी उचलतो भाऊ. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढतो. खांदा गेला म्हणजे काय होतं ते मला माहीत आहे. पाचशे रुपयांसाठी तुझी रोजी मोडू काय?"

मी म्हणालो, मला विचारायचं होतंस.

तो म्हणाला, "तू सांगायचं होतंस."

गाडी आली. तो चढला. मी तिथंच बसून राहिलो, माझी गाडी चुकली.

या दोन वाक्यांत सगळा प्रश्न आहे. मी त्याला दया म्हणत होतो, ती दया नव्हती. त्याला माझ्या खांद्यात त्याचा खांदा दिसला होता. बाबासाहेबांना बंधुता या शब्दापेक्षा बुद्धाचा मैत्री हा शब्द जास्त नेमका वाटला होता. मी हा शब्द किती वेळा वंदनेनंतर ऐकलाय, पण त्याचा अर्थ मला त्या बाकड्यावर थोडा कळला. दया करणारा स्वतःच ठरवतो. मित्राला विचारावं लागतं, आणि मित्राला सांगावंही लागतं. त्यानं विचारलं नाही ही त्याची चूक लहान. मी सांगितलं नाही ही माझी मोठी. सलामीच्या वेळी हातात हात घेतला तेव्हा मी एवढंच म्हणायला हवं होतं, भाऊ, उजवा खांदा दुखावलेला आहे, डॉक्टरनं खेळायला परवानगी दिलीय, तू धरायचा असेल तर धर, झटका मारू नको. मग त्यानं धरला असता किंवा नसता. दोघांनी मिळून ठरलेली कुस्ती झाली असती. मी त्याला अंधारात ठेवला आणि मग अंधारात तो जपून चालला म्हणून चिडलो.

आणि हे एकदा कबूल केलं की माळेतले मणी ओघळायला लागतात. मी समोरच्या गड्याला सांगितलं नव्हतं. मी मायला सांगितलं नव्हतं. जत्रेचंच नव्हे, मूळचंच. मास्तरच्या कागदावरचं खोटं मी घरीही तसंच आणलं होतं, कारण दुसरं सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग सही का केली? म्हणजे माय सात महिने ज्या कुस्तीला दोष देत होती तिनं माझं काही बिघडवलंच नव्हतं. मी माझ्या आवडत्या गोष्टीवर खोटी फिर्याद लिहून दिली होती. आता समजा हौद्यात खांदा खरोखर निखळला असता, तर तो कागद खरा झाला असता. मालकाचं खोटं माझ्या हाडानं खरं करून दिलं असतं.

म्हणून खांदा कुणाचा या प्रश्नाला मी आता असं उत्तर देतो. खांदा माझा. पण तो मोडला तर तुटणार आहे फक्त माझं एकट्याचं नाही. म्हणून निर्णय माझा, आणि खरं काय ते कळण्याचा हक्क त्या सगळ्यांचा ज्यांचं माझ्यासोबत तुटणार आहे. मायचा, समोरच्या गड्याचा, आणि उद्या त्या तेलकट फरशीवर बीम उचलणाऱ्या पोराचाही. कारण माझ्या सहीमुळं ती फरशी कागदोपत्री स्वच्छ झालीय. माझं खोटं माझ्यापुरतं राहिलं नाही. कामाच्या वेळी, कामामुळं झालेली दुखापत हे शब्द कायद्यात कुणीतरी भांडून आणले असतील, मी ते डाव्या हातानं खोडले. हे कळायला मला एका ऊसतोड्याची दोन वाक्यं लागली. पुस्तकं कमी पडली असं नाही, ती वाचणारा मी कमी पडलो.

गेल्या रविवारी मायला सगळं सांगितलं. ती भाकर थापत होती, हात थांबला. म्हणाली, "मंग मी इतला दिन कुस्तीले फुकट शिव्या दिन्यात!" बराच वेळ गप्प राहिली. तवा करपला. मग पेटी उघडून लंगोट काढला आणि माझ्यापुढं टाकला. म्हणाली, "पन आधी तो कागद बदली ये."

कुस्तीची परवानगी मिळाली असं मी समजत नाही. अट मिळाली.

अर्ज लिहून झालाय. या खेपेला उजव्या हातानं लिहिला. अक्षर बरं आलंय. दिल्यावर नोकरी राहील की नाही सांगता येत नाही, आणि नोकरी गेली तर भाकरीचा तो काटा पुन्हा वर येईल, हेही खरं. पुढच्या महिन्यात आमच्या पाड्याजवळ दंगल आहे. त्या गड्याला निरोप धाडलाय. निरोप असा की, ये, जोड पुरी करू, आणि उतरायच्या आधी पाच मिनिटं बोलू.